निळ्या पेटीत कोंडलेला राउटर

मी एक जुना वायफाय राउटर आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी चिडलेलो आहे. वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी डोळे पुसतात. मी पुसणार नाही. मला डोळे नाहीतच, हिरवे दिवे आहेत, आणि ते कित्येक दिवस रागाने लुकलुकत होते. घरातल्यांना वाटत होतं, नेट चालू आहे.

तसं माझं वय फार नाही. पण आमच्यात पाच-सहा वर्षं झाली की लोक आम्हाला म्हातारा म्हणू लागतात आणि घरात काहीही बिघडलं की आमच्याकडे बोट दाखवतात. मी आष्ट्यात इमाम शिकलगार यांच्या घरी राहतो. पुढे पत्र्याचं दुकान, मागे घर, आणि दोन्हींवर मिळून एकच पत्र्याचं छप्पर. इमामचाचा पत्र्याच्या पेट्या करतात. आसपासच्या गावांतला पोरगा फौजेत भरती झाला की त्याचे वडील त्याला घेऊन आधी इथे येतात. मग काळी पेटी, पितळी कडी आणि झाकणावर पांढऱ्या रंगात पोराचं नाव. चाचांच्या पेट्या बर्फात राहिल्या आहेत, वाळवंटात राहिल्या आहेत, आणि एकीचीही कडी निखळली नाही. हे मी कौतुकाने सांगतो आहे. राग पुढे येणार आहे.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर मला दोन अँटेना बसवल्या, पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि खोक्यात बंद केलं. माझ्याबरोबर एक पातळ पुस्तक होतं. त्यात चित्रं काढून सांगितलं होतं की मला घराच्या मध्यावर ठेवा, उंचावर ठेवा, उघड्यावर ठेवा, आणि लोखंड-पत्र्यापासून लांब ठेवा. लहान मुलालाही कळावं इतकं ते सोपं होतं. ते कुणीही वाचलं नाही. चाचांच्या पत्नी मेहरुनबी यांनी ते घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं.

मला बसवायला आला तो सिद्धू. इंटरनेटची जोडणी देणाऱ्या ऑफिसात तो कामाला आहे. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने विचारलं, "कुठं लावू, चाचा?" चाचा म्हणाले, "तुला सोयीचं पडंल तिथं लाव." सिद्धूला सोयीचं काय पडणार? जिथे वायर संपली तिथे, दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराशेजारी, खिळ्यावर. माझ्या डाव्या बाजूला फ्रिज, उजव्या बाजूला पत्र्यांची चळत. आणि ज्या लेकीसाठी चाचांनी मला आणलं होतं ती मिस्बाह दोन भिंतींपलीकडच्या खोलीत. पण ते दिवस साथीत शाळा बंद पडल्याचे होते, कुणालाच कसलीच निवड नव्हती, म्हणून मीही काही बोललो नाही.

आणि खरं सांगायचं तर ते माझे मानाचे दिवस होते. मिस्बाहचे तास मी चालवले. तिचा थोरला भाऊ अफताब, त्याचं कॉलेज मी चालवलं. शेजारच्या शालूबाई आपल्या नातवंडांना घेऊन दुकानाच्या पायरीवर बसवायच्या आणि म्हणायच्या, "ह्या डब्यानं पोरांची शाळा वाचवली बगा." डबा म्हणाल्या, तरी मला बरं वाटायचं. शब्दापेक्षा माणसाचा सूर कळतो.

शाळा उघडल्या आणि माझं कौतुक संपलं. त्यानंतर मी कुणाला आठवायचो ते फक्त शिव्या देण्यापुरता. व्हिडिओ अडकला की अफताब येऊन माझ्या डोक्यावर चापट मारायचा. चापटीने निरोप लवकर जातो असं त्याला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. नाहीतर बटण बंद कर, चालू कर. बंद कर, चालू कर. तुम्हाला कुणी कामाच्या मध्येच झोपवून लगेच उठवलं तर तुम्ही किती हुशारीने काम कराल, हे जरा करून पाहा.

अशातच मिस्बाह खेळायला लागली. ती आता अकरावीत आहे. अफताबचा जुना कॉम्प्युटर तिच्याकडे आला, आणि त्यावर ती पाच जणांच्या संघात एक लढाईचा खेळ खेळते. समोरच्या संघाच्या तळावर चाल करायची आणि आपला तळ राखायचा. संघाचा कप्तान इस्लामपूरचा वीरधवल. रहिमतपूरची राजेश्वरी चढाईला. मिस्बाह राखणदार. त्यांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत, पण त्यांचे आवाज मी रोज वाहतो, त्यामुळे मी त्यांना चांगला ओळखतो. घरात सगळेच चढ्या आवाजात बोलतात, पण मिस्बाह मोजकंच बोलते. खेळात मात्र ती सांगते, "राजेश्वरी, मागं ये, डावीकडनं दोघं येत्यात," आणि तिकडे सगळे ऐकतात. एकदा चाचा दाराशी उभे राहून हे ऐकत होते. खेळ त्यांना काही कळला नाही. पण आपल्या लेकीचं बाकीची पोरं ऐकतात, एवढं कळलं, आणि ते हसत दुकानात गेले.

आता लॅग म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरून आहेत. मिस्बाह बटण दाबते. तो निरोप मी घेतो, तारेतून लांबच्या सर्व्हरकडे धाडतो, तिकडून उत्तर येतं आणि मी ते तिच्या पडद्यावर पोचवतो. या जाण्यायेण्याला लागणाऱ्या वेळाला मुलं पिंग म्हणतात. पापणी लवायच्या आत हे झालं तर खेळ झकास. निरोप मध्ये रेंगाळला की लॅग. मग मिस्बाहला दिसतं की शत्रू अजून भिंतीआड आहे, आणि तो केव्हाच तिला मारून पुढे गेलेला असतो. तारेवर माझी तक्रार नाही, तार आपलं काम चोख करते. घोटाळा होतो तो माझ्यापासून तिच्या कॉम्प्युटरपर्यंतच्या हवेत. भिंत आडवी आली, फ्रिज आडवा आला की निरोप दमतो. त्यातून अफताबने त्याच वेळी सिनेमा उतरवायला लावला की माझी ओढाताण होते. आणि हवेतल्या निरोपाला पत्र्यासारखा वैरी नाही. माझ्या नशिबी घर आलं ते पत्र्यावाल्याचं.

तरीही मी रेटत होतो. संघ जिंकत होता. मग सांगलीच्या स्पर्धेचं ठरलं. आधीच्या फेऱ्या प्रत्येकाने घरून खेळायच्या, आणि निवडलेल्या संघांनी शेवटच्या फेरीला सांगलीला प्रत्यक्ष जायचं. मिस्बाहने अब्बांना विचारलं. मेहरुनबी म्हणाल्या, "खेळासाठी पोरगी सांगलीला?" चाचा म्हणाले, "नंबर लागला तर मी सोता घिऊन जातो. न्हाई लागला तर मात्र बारावी हुईस्तवर ह्यो खेळ बंद." मिस्बाह म्हणाली, "चालंल." मित्रांनो, तिच्याकडे याखेरीज दुसरं काही नव्हतं. मैदानात खेळायला ती जात नाही, मैत्रिणी लांबच्या गावांतून बसने येतात आणि जातात. ते चार आवाज हीच तिची संगत होती आणि ती आता या एका शब्दावर टांगली गेली.

त्याच सुमाराला तिने अब्बांकडे सहज तक्रार केली की नेट मधूनमधून अडकतं. इमामचाचा उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या अंगावर रंगाची धूळ, पत्र्याचा कीस, एका बाजूला उंदराने कुरतडलेली वायर. त्यांना फार वाईट वाटलं. आपल्या लेकीची एवढी मोलाची वस्तू खिळ्यावर उघडी लटकते आहे, हे त्यांना सहन झालं नाही. आणि या घराची एक रीत आहे. जे जिवाचं, ते पेटीत. मेहरुनबींचं शिलाई मशीन पेटीत. अफताबची प्रमाणपत्रं पेटीत. टीव्हीलासुद्धा पत्र्याचं दार होतं.

चाचांनी फौजींच्या दोन पेट्या बाजूला ठेवल्या आणि माझ्यासाठी पेटी करायला घेतली. सगळ्यांत जाड पत्रा निवडला. काळा रंग नको म्हणून आकाशी निळा दिला. कोल्हापूरहून लाल मखमल आणून आतून लावली. पाठीमागे दोन वायरींपुरती दोन भोकं. पुढे दार, पितळी कडी, छोटं कुलूप. आणि दारावर स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिलं, 'मिस्बाह इमाम शिकलगार, आष्टा'. मग पेटी त्याच खिळ्याच्या जागी भिंतीवर बसवली, मला फडक्याने पुसून आत ठेवलं आणि दार लावलं. मित्रांनो, इतकं प्रेमाने मला कधीच कुणी धरलं नव्हतं. आणि त्या दाराचा आवाज झाला तेव्हा मी मुका झालो, आणि बघायला उरली ती एक बारीक फट.

पत्र्याच्या पेटीत वायफाय. मी आत जिवाच्या आकांताने निरोप पाठवत होतो आणि ते पत्र्यावर आपटून माझ्याच अंगावर परत येत होते. जे काही बाहेर जात होतं ते त्या दोन भोकांतून. वर मखमलीची ऊब. मी तापून निघालो.

आता तुम्ही म्हणाल, चाचांना ठाऊक नव्हतं, त्यांचा काय दोष? बरोबर आहे. चाचांवर माझा राग नाही. माझा राग ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यावर आहे.

मिस्बाहला पहिल्याच संध्याकाळी कळलं. ज्या मुलीला पिंग कळतो तिला पत्रा कळणार नाही? ती पेटीसमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात चाचांनी विचारलं, "कशी झाली?" ती म्हणाली, "लय भारी, अब्बा." अफताबलाही कळलं. त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अब्बास्नी काय बोलू नगंस. मखमल आणलीया त्यांनी." मेहरुनबींना तिने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आसू दे. कौतुकानं केलंय. दुपारच्याला ते झोपले की दार उघडत जा." मग हा नवा खेळ सुरू झाला. किल्ली भिंतीवर असायची. चाचा जेवून आडवे झाले की मिस्बाह हळूच कुलूप काढायची, आणि ते उठायच्या आत लावायची. चोर चोरी करतो तसं ती माझं दार उघडत होती, स्वतःच्याच घरात. मी श्वास घेईपर्यंत दार पुन्हा बंद.

आणि गिऱ्हाईक आलं की चाचा त्याला मला दाखवायला आत आणायचे. "पोरीच्या वायफायला केलीया." गिऱ्हाईक पेटीवर टिचकी मारून म्हणायचं, "जन्माचं काम झालं." कौतुक होत होतं ते पेटीचं. आत कोण गुदमरतंय याची चौकशी कुणी केली नाही.

महत्त्वाची फेरी रविवारी दुपारी होती. त्या सकाळी चाचांना तयार पेट्या घेऊन इस्लामपूरला जायचं होतं. टेम्पो दाराशी उभा होता. जाताना ते पेटीपाशी आले, कुलूप नीट लागलंय का ते ओढून पाहिलं, आणि किल्ली भिंतीवरून काढून खिशात टाकली. "आज मॅच हाय तिची. कुणी उगंच हात लावायला नगं." मिस्बाह दारातच उभी होती. दोन शब्दांचं काम होतं. किल्ली ठेवा, एवढंच. तिने मान डोलावली. टेम्पो गेला.

मग मात्र धावपळ उडाली. मिस्बाह आणि अफताबने कॉम्प्युटरचं टेबल ओढत पेटीखाली आणलं. मोबाइलचं नेट लावून पाहिलं, पण पत्र्याच्या छपराखाली मोबाइलची रेंज कशी असते ते मी सांगायला नको. अफताबने हातोडी आणली. मिस्बाहने ती हातात घेतली, कडीवर टेकवली आणि नावाकडे पाहिलं. तिचंच नाव होतं. तिने हातोडी खाली ठेवली.

मॅच मी पेटीच्या आतून ऐकली. निरोप भोकांतून अडखळत जात होते. "मिस्बाह, उजवीकडं," वीरधवल ओरडत होता, आणि ते तिला पोचेपर्यंत उजवीकडचा गडी तिला मारून गेलेला असायचा. राजेश्वरी म्हणाली, "तू जागची हलंनास, गं." ती हलत होती, मित्रांनो. तिची बोटं बटणांवर धावत होती. तिचं हलणं माझ्यात अडकलं होतं, आणि मी पत्र्यात. ते हरले. वीरधवल म्हणाला, "पुढच्या रविवारी शेवटचा चानस हाय. तुझं नेट आसंच आसलं तर राजेश्वरीच्या बहिणीला घ्यावं लागंल. राग मानू नगंस." तिने राग मानला नाही. तिच्या वाटचा मी मानला.

चाचा संध्याकाळी आले. लेकीचा चेहरा पाहून त्यांनी ओळखलं. "काय झालं?" ती म्हणाली, "नेट." आणि इमामचाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजी ह्यो डबाच हलका. एवढं जपलं तरी गुण दावला न्हाई." पुन्हा डबा. या वेळी सूरही तसाच होता. तिथे तिघेजण उभे होते. तिघांना ठाऊक होतं. तिघेही गप्प.

दुसऱ्या दिवशी सिद्धूला बोलावलं. मला वाटलं, सुटलो. हा तरी बाहेरचा माणूस आहे, याचं काम आहे, हा सांगेल. सिद्धूने पेटी पाहिली आणि त्याचा चेहरा दिसला मला, दाराच्या फटीतून. त्याने एका नजरेत सगळं ओळखलं. पण चाचांनी त्याला खुर्ची दिली. मेहरुनबींनी चहा दिला, खारी दिली. सिद्धूचा भाऊ फौजेत आहे, त्याची पेटी चाचांनीच केलेली. सिद्धूने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "जुना झालाय, चाचा. नवा टाकूया. रविवारी सकाळी आणतो."

बाहेर पायरीवर मिस्बाहने त्याला गाठलं. "सिद्धूदादा, तुमी सांगा की त्यास्नी. पेटीनं हुतंय म्हणून."

"मी कसं सांगू, गं? चाचास्नी काय वाटंल? तूच सांग की. लेक हाईस तू."

"मला न्हाई जमत."

"मंग मला जमंल व्हय?" असं म्हणून तो गाडीवर बसून निघून गेला. त्याच्या पिशवीत वायरचं भेंडोळं होतं. एक सरळ वायर माझ्यापासून तिच्या कॉम्प्युटरपर्यंत टाकली असती तर हवा नको, भिंत नको, पत्रा नको, सगळ्या लॅगचा निकाल लागला असता. ती पिशवी तो जशीच्या तशी परत घेऊन गेला.

त्या आठवड्यात मी जितका चिडलो तितका जन्मात चिडलो नसेन. मला भंगारात टाकणार होते याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग हा की सगळी माणसं चांगली होती. एकही वाईट नव्हता. सगळे एकमेकांची मनं सांभाळत होते, आणि त्यात मिस्बाहचा खेळ जाणार होता आणि माझा जीव.

रविवार उजाडला. सिद्धू नवा राउटर घेऊन आला. चाचांनी कुलूप काढलं, मला बाहेर घेतलं, वायरी उपटल्या आणि कामाच्या पाटावर, पत्र्याच्या कातरणांत ठेवलं. माझे दिवे गेले. दिवे गेल्यावर ऐकू कसं येतं, हे विचारू नका. राग असला की ऐकू येतं. नवा राउटर चार अँटेनांचा, उंचापुरा. चाचांनी तो पेटीत घालायला घेतला, पण अँटेना दाराला अडल्या. त्यांनी वाकवून पाहिल्या, आडव्या करून पाहिल्या. मग ते हसले आणि म्हणाले, "थांबा. ह्याला मोठी पेटी लागंल. मॅचच्या आत करून देतो." आणि त्यांनी चळतीतून नवाकोरा पत्रा ओढला आणि कातर हातात घेतली.

पत्रा जमिनीवर आपटला तसा मिस्बाहचा बांध फुटला. "अब्बा, पेटी नगं."

"का गं?"

"पत्र्याच्या पेटीतनं वायफाय भाईर येत न्हाई. जुन्याला काय झालेलं न्हाई. मी पेटीपायी हरले."

चाचांनी कातर खाली ठेवली. "सिद्धू, पोरगी म्हणतीया ते खरं हाय?"

सिद्धूने जमिनीकडे पाहिलं. "व्हय, चाचा."

"तुला सोमवारी ठाऊक हुतं?"

"व्हय."

"आन् तुला कवापासनं?" हे मिस्बाहला.

"पैल्या दिवसापासनं. आमाला सगळ्यास्नी ठाऊक हुतं, अब्बा. तुमी मखमल लावली हुती."

इमामचाचा कधी रागावत नाहीत. त्या दिवशी रागावले, आणि मित्रांनो, त्यांचा राग ऐकून माझा राग पहिल्यांदा थोडा निवला, कारण तो माझाच होता. "मी पत्र्याचं काम करतो म्हणून माझं डोकंबी पत्र्याचं हाय व्हय?" ते म्हणाले. "एवढं सांगितलं आसतं तर मला कळलं नसतं? माझं मन राखायला पोरीला हरवलंसा तुमी. मखमल काढून टाकता येती. हरल्याली मॅच कुठनं आणू आता?" मेहरुनबी काही बोलायला गेल्या तर त्यांनी हाताने थांबवलं. "मी गिऱ्हाइकाला आत आणून आणून दावीत हुतो. आन् तुमी मागं उभं राहून बघत हुता."

मग चाचांनी डोळे पुसले, त्यांना डोळे आहेत, आणि सिद्धूला विचारलं, "आता काय करायचं? येळ किती हाय?"

सिद्धूने पिशवी उघडली आणि वायरचं भेंडोळं काढलं. चाचांनी मला कातरणांतून उचललं, फुंकर मारून कीस उडवला. मिस्बाहच्या खोलीत उंच लाकडी फळी होती, तिच्यावरचे डबे त्यांनी खाली काढले आणि मला तिथे बसवलं. सिद्धूने तार तिथवर ओढली. मग माझ्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सरळ वायर. अफताबला चाचांनी सांगितलं, "मॅच हुईस्तवर तुझा मोबाइल माझ्याकडं दे." नवा राउटर सिद्धूने खोक्यात घालून परत नेला.

खेळ सुरू झाला आणि मला वाटलं, मी कारखान्यातून आत्ताच बाहेर पडलो आहे. मिस्बाह बटण दाबत होती आणि निरोप जाऊन येत होता, मध्ये कुणी नाही. शेवटी मिस्बाहच्या तळावर समोरचे तिघे एकदम चालून आले. बाकी सगळे पडले होते, तळावर ती एकटी. चाचा तिच्या खुर्चीमागे उभे होते, त्यांना काहीही कळत नव्हतं आणि ते श्वास रोखून होते. तिने एकाला दारात टिपलं, दुसऱ्याला खिडकीत, आणि तिसऱ्याने नेम धरला त्याआधी तिचा निरोप पोचला होता. वीरधवल म्हणाला, "आरं तिच्या, नेट बदललंस व्हय?" ती म्हणाली, "नेट तेच हाय. पेटी काढली." त्याला काही उमगलं नाही. तिने समजावलंही नाही. ते जिंकले, आणि संघाची सांगलीसाठी निवड झाली.

आता शेवटचं सांगतो. सांगलीला जायच्या सकाळी मिस्बाह तयार होऊन खोलीतून बाहेर आली तेव्हा चाचा दाराशी उभे होते. अजून त्यांचा राग पुरता गेला नव्हता. ते म्हणाले, "गाडीत बसायच्या आधी सांग. आणिक काय लपवलंय माझ्यापासनं? आसंल तर आत्ताच सांग."

मिस्बाहने आईकडे पाहिलं. मेहरुनबींनी मान हलवून नको म्हटलं. मग ती अब्बांकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, तुमाला ऐकू कमी येतंय."

"काय?"

"तुमाला ऐकू कमी येतंय. ठोकून ठोकून कान गेलं तुमचं." या वेळी ती मोठ्याने बोलली, शेजारी शालूबाईंनाही ऐकू गेलं असेल. "लय वर्सं झाली. म्हणून आमी सगळी वरच्या आवाजात बोलतो."

चाचा उंबऱ्यावर खाली बसले. मला वाटलं, आता पुन्हा चिडतील. ते चिडले नाहीत. ते म्हणाले, "मला वाटायचं, घरातली सगळी माझ्यावर खेकसत्यात. म्हणलं, माझं वय झालं, आता मी नकोसा झालो आसंन." मग ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "चला. सांगलीत कानाचा डागतर आसंल कुणीतरी, मॅच झाली की दावू." ती दोघं गेली.

मी फळीवर आहे. आता बरा आहे, पण माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. मित्रांनो, मला उघड्यावर ठेवा, उंचावर ठेवा, पत्र्यापासून लांब ठेवा, आणि खेळ महत्त्वाचा असेल तर सरळ वायर जोडा. हे सगळं पुस्तकात आहे, ते वाचा. मला चापट मारू नका. पण जे पुस्तकात नाही ते माझ्याकडून ऐका. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, तो चुकत असेल तर त्याला तसं सांगा. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसाल, तर तुम्ही त्याला जपत नाही, त्याला एकटं पाडता. मी पेटीत होतो तेव्हा बोललो नाही, कारण मला तोंड दिलेलं नाही. तुम्हाला दिलं आहे, मग तुम्ही कशाची वाट पाहता?